मोनार्क उमरीत कधी नव्हताच

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे.

दिवाळीत गावी, उमरीला गेलो होतो. बांधावरच्या घाणेरीवर एक फुलपाखरू बसलेलं दिसलं. नारिंगी पंख, शिरांवर जाड काळ्या रेघा. स्ट्राइप्ड टायगर, शास्त्रीय नाव डॅनॉस जेन्युशिया. रात्री इंग्रजांच्या काळातलं एक पुस्तक मोबाईलवर चाळत होतो, तर तिथं भारतातल्या फुलपाखरांत नाव होतं ‘प्लेक्झिपस’. आता प्लेक्झिपस म्हणजे तर अमेरिकेचा मोनार्क! मी लगेच लिहून टाकलं, ‘मोनार्क आपल्याकडं होता, नंतर संपला.’ भागाचं नावसुद्धा ठरवलं.

नशीब, रेकॉर्ड करायच्या आधी तपासलं.

घोळ 1758 चा आहे. लिनियसनं प्लेक्झिपस हे नाव दिलं तेव्हा वर्णन दोन ओळींचं. त्यात पत्ता उत्तर अमेरिकेचा, पण पुढच्या पंखावर पांढरा पट्टा. हे दोघे एकाच डॅनॉस कुळीतले, दिसायला भाऊभाऊ. पण पांढरा पट्टा ठळक दिसतो तो आपल्या स्ट्राइप्ड टायगरला. मोनार्कला तिथं बारीक ठिपके असतात. मग काही अभ्यासकांनी पट्टा धरला आणि आशियातल्या फुलपाखराला प्लेक्झिपस म्हटलं. काहींनी पत्ता धरला. क्रेमरच्या ग्रंथात 1779 सालीच जेन्युशिया हे वेगळं नाव आलं होतं, तरी गोंधळ चालूच राहिला. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, एकाच व्हेरिएबलला दोन किमती.

शेवटी 1954 मध्ये प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं प्लेक्झिपस हे नाव मोनार्कला पक्कं केलं. आपल्याकडचं राहिलं जेन्युशिया. म्हणजे त्या पुस्तकातला ‘प्लेक्झिपस’ हा माझ्या बांधावरचाच गडी होता!

गंमत बघा, तेव्हा उमरी हैदराबाद राज्यात होती. 1956 ला मुंबई राज्यात आली, 1960 ला महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही, पत्ता तेवढा बदलला. फुलपाखराचंही तेच. ते इथंच उडत होतं, पुस्तकातलं नाव बदललं.

म्हणून जुन्या नोंदीत नाव दिसलं की आधी साल बघा. नाहीतर जे कधी नव्हतंच, ते संपलं म्हणून आपण हळहळत बसतो. आणि जे समोर घाणेरीवर बसलंय, त्याच्याकडं बघायचं राहून जातं.

भेटू पुढच्या भागात.