निकामी होत चाललेल्या हार्ड डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिमचे स्थलांतर

हार्ड डिस्क पुरती बंद पडण्याआधी तिच्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम आणि सेटिंगसकट दुसऱ्या डिस्कवर नेण्याची आणि संगणक त्या डिस्कवरून सुरू होईल असे करण्याची क्रिया. नुसत्या फायली कॉपी-पेस्ट करून हे साधत नाही. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्यासाठी पार्टिशन टेबल आणि बूट लोडर लागतात. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात बूटच्या फायलींसाठी एक छोटे, एरवी न दिसणारे पार्टिशनही असते.

लक्षणे : संगणक मधूनच अडकणे, फाइल उघडायला मिनिटे लागणे, डिस्कमधून टिकटिक ऐकू येणे. नीट वाचता न येणारा सेक्टर डिस्क पुन:पुन्हा वाचून पाहते, त्यामुळे सगळेच खोळंबते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या व्यवस्थेत ठेवते. तीत ५ (बदललेले सेक्टर), १९७ (निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) हे क्रमांक महत्त्वाचे. मात्र ‘स्मार्ट’ने सर्व ठीक म्हटले म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांवर मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. उलट पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळली, की पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती.

आधी काय वाचवायचे : ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकता येते, हिशेब, फोटो, प्रबंध पुन्हा टाकता येत नाहीत. म्हणून डिस्क वाचत असेल तोवर कामाच्या फायली आधी काढून घ्याव्यात. परवाने किंवा जुळणी पुन्हा करणे अवघड असेल तरच सिस्टिम जशीच्या तशी हलवण्याचा खटाटोप करावा. अनेकदा नव्या डिस्कवर कोरे विंडोज टाकणे अधिक स्वस्तात पडते. दुरुस्तीच्या दुकानांत हा पर्याय पहिल्यांदा सुचवतात तो केवळ आळसापोटी नव्हे.

पद्धत : १९९५ साली न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या आणि १९९८ साली सिमँटेकने घेतलेल्या ‘घोस्ट’ने डिस्कची प्रतिमा काढण्याची रीत घरोघरी नेली, आज ‘क्लोनझिला’सारखी मुक्त साधने आहेत. पण अशी बरीच साधने निरोगी डिस्क गृहीत धरतात आणि न वाचता येणारा सेक्टर आला की काम सोडून देतात. आजारी डिस्कसाठी आंतोनिओ दियाझ दियाझ यांचे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ जास्त भरवशाचे. संगणक पेनड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करून ते चालवतात, म्हणजे जुन्या डिस्कवर काहीच लिहिले जात नाही.

डीडीरेस्क्यूची खुबी त्याच्या क्रमात आहे. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडचण आली, की तो टापू ओलांडून पुढे जाते. नंतर परत येऊन सोडलेल्या टापूंच्या कडा छाटते, मग उरलेले सेक्टर एकेक करून खरवडते. प्रगती ‘मॅपफाइल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदली जाते : वाचलेल्या भागापुढे अधिक चिन्ह, वाईट सेक्टरपुढे उणे, हातच न लागलेल्या भागापुढे प्रश्नचिन्ह. वीज गेली किंवा डिस्क तापल्यामुळे थांबावे लागले, तरी ही फाइल दिली की काम तिथूनच पुढे सुरू होते. सेकंदाला १०० एमबी या वेगाने १ टीबीची निरोगी डिस्क तीनेक तासांत उतरते. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. लहान एसएसडीवर जायचे असेल, तर प्रथम मोठ्या डिस्कवर प्रत काढून त्या प्रतीतले पार्टिशन आवळावे. दुरुस्तीही अशा प्रतीवरच करावी. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे साधन ‘चेकडिस्क’ चालवणे हा हमखास घडणारा घोटाळा. ते सारी डिस्क वाचायला लावू शकते आणि वर लिहूही शकते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून सांगितला जातो, पण थंड तबकड्यांवर ओल धरते.

नंतरच्या अडचणी : दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडून ठेवू नयेत. दोघींची ओळख-संख्या एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करते आणि लिनक्स भलतीच डिस्क माउंट करू शकते. विंडोज सुरूच झाले नाही, तर ‘बीसीडीबूट’ने बूट फायली नव्याने लिहितात. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी हवी. न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी प्रतीत साधारणतः शून्ये येतात. ती सिस्टिमच्या फाइलमध्ये पडली असतील, तर विंडोजचे ‘एसएफसी’ हे साधन ती फाइल बहुधा दुरुस्त करते. फोटोत पडली असतील, तर खालचा भाग करडा दिसतो आणि तो तसाच राहतो.

जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट केल्यावर १९७ चा आकडा शून्यावर येऊ शकतो, कारण लिहिताना प्रलंबित सेक्टर एकतर पुन्हा नीट लिहिले जातात किंवा राखीव सेक्टरांशी बदलले जातात. हेडची वा पृष्ठभागाची झीज मात्र भरून निघत नाही. सेकंडहँड डिस्क घेताना म्हणून ५ क्रमांकाचा आकडाही पाहावा.