आहूखाना : वास्तू, बाग आणि पाणी

बुऱ्हाणपूर शहरासमोर, तापीच्या पैलतीरी जैनाबाद येथे आहूखाना आहे. फारसीत 'आहू' म्हणजे हरीण. मोगल राजघराण्याच्या विहारासाठी राखलेले हे मृगोद्यान. १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात मुमताजमहलचे निधन झाले. तिचा देह प्रथम येथील बागेत ठेवण्यात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात शाहजादा शुजाच्या देखरेखीखाली आग्र्यास नेण्यात आला. या सहा महिन्यांमुळे आहूखाना प्रसिद्धीस आला. पण येणारा प्रवासी रिकामी कबर शोधतो आणि बागेकडे पाठ फिरवून परततो.

दख्खनचा कारभार औरंगाबादेकडे सरकला, तसा येथील राजाश्रय आटला. माळी गेले, हौद कोरडे पडले, बारादरीभोवती झुडपे माजली. अशा वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ झाडझूड नव्हे. भिंतीत रुजलेला पिंपळ हिसक्याने उपटला तर मुळांबरोबर चिराही निखळतो. तो आधी छाटून, मुळे सुकवून, मगच सांधे भरावे लागतात. सांध्यात सिमेंट घालणे हा सोपा, पण घातक उपाय. त्याने ओल आत कोंडते आणि जुनी वीट भुगा होते. घाणीत मळलेला चुना व सुरखी हाच अशा भिंतीचा सजातीय लेप होय.

तरीही भिंती सावरल्या म्हणजे बाग परतली असे होत नाही. मोगल बागेचा प्राण पाणी. याच शहरात १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, कुंडी भंडारा सिद्ध झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत भुयारांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी ही योजना. शंभराहून अधिक कुंड्यांची ही साखळी २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समाविष्ट झाली. परंतु तेथेही चुनखडीचे थर भुयारे अरुंद करतात. ते वेळोवेळी खरवडले नाहीत तर प्रवाह खुंटतो. पाण्याची वाट राखणे हे एकदाचे बांधकाम नसून पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम असतो.

आहूखान्याच्या जीर्णोद्धाराचा क्रमही म्हणून हाच असावा : आधी हौद व पाट मोकळे व्हावेत, मग भिंती सावराव्यात, आणि शेवटी वृक्ष लावावेत. मुमताजचा देह आग्र्यास गेला. बाग मात्र बुऱ्हाणपूरचीच आहे. तिची निगा राखण्याचे दायित्वही याच गावाचे.