सुईकडून काय मागावे?

१९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी सोलापूरचे कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवले.

१९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. ते सुयांच्या भुलेवर झाले, अशी दंतकथा पसरली. प्रत्यक्षात भूल इंजेक्शनचीच होती. सुया नंतरच्या त्रासासाठी टोचल्या होत्या.

फौजेत झिजलेला माझा गुडघा मी त्या दंतकथेच्या भरवशावरच नेला होता. सहा सिटिंगनंतर दुखणे उतरले, झीज तशीच राहिली. जिना चढतो, धावत नाही. म्हणून सांगतो: आधी निदान करून घ्या, मग सुईकडे आराम मागा, चमत्कार नको.