उपवास, पाणी आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या



दशलक्षण पर्व जवळ आले आहे आणि मंडळात कोण किती उपवास करणार याची विचारपूस सुरू झाली आहे. मला विचारले तर मी काय उत्तर देते आणि का, ते आज लिहिते.

दोन वर्षांपूर्वी पर्वातला माझा तिसरा निर्जल उपवास अनंत चतुर्दशीला होता. गोळी घ्यायची तर पाणी लागणार, म्हणून प्रत्येक उपवासाला बीपीची गोळीही राहिली. दुसऱ्या दिवशी पारण्याआधी तांदूळ निवडायला बसले, तर उजव्या डोळ्यापुढे धूर आल्यासारखे झाले. दुखत काहीच नव्हते. अशक्तपणा असेल, पारणे झाले की जाईल, असे म्हणून तीन दिवस घरात कोणाला बोलले नाही. शेवटी सुनेने ओढून नेले. डॉक्टरांनी थेंब घालून आत पाहिले. पडद्यावरची एक बारीक शीर तुंबली होती आणि भोवती रक्त झिरपले होते. मी घाबरत विचारले, "उपवासाने झाले का?" ते म्हणाले, "मूळ कारण तुमचे बीपी. पण गोळी चुकली आणि त्यात पाणीही बंद, ही भर पडली." डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागली. आता बरेच दिसते, पण त्या डोळ्याने दाराची चौकट अजून किंचित वाकडी दिसते.

घरी बसून होते तेव्हा सून मला वाचून दाखवायची. डोळ्याच्या आतले माणसाला दिसू लागले कधी, हे मला तेव्हा कळले.

बाहुली काळी दिसते, म्हणून जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत काय आहे हे शेकडो वर्षे नीट पाहता येत नव्हते. १८५० च्या अखेरीस हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या पातळ पट्ट्या, भिंग आणि पुठ्ठा जोडून एक साधन केले. त्यातून डोळ्यात उजेड सोडता येई आणि त्याच वाटेने आत पाहताही येई. १८५१ मध्ये त्याने त्यावर पुस्तिका काढली. तेव्हा तो अवघा तिशीचा होता. चिरफाड न करता वाहत्या रक्तासकट शिरा सरळ दिसतात अशी शरीरातली एक जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. पुढे १८७८ मध्ये मिशेल या डॉक्टरने दाखवून दिले, की पडद्यावर असे रक्त पसरते त्यामागे मुख्य शिरेत धरलेली गुठळी असू शकते.

पडद्यावरचे रक्त परत नेणारी मुख्य शीर एकच असते. ती आणि रक्त आणणारी रोहिणी शेजारी शेजारी एका अरुंद वाटेने डोळ्याबाहेर जातात. पडद्यावर त्यांच्या फांद्या एकमेकींवरून जातात. बीपीने रोहिणी कडक झाली, की खालची शीर दबते. त्यात घाम, श्वास आणि लघवीवाटे पाणी जात राहिले आणि आत काही आले नाही, तर रक्त दाट होते आणि वाहणे मंदावते. तरुण, निरोगी शरीर एक दिवस हे सांभाळून घेते. बीपी, मधुमेह, काचबिंदू किंवा साठी ओलांडलेल्या शरीराचे तसे नसते.

मग प्रश्न अन्नाचा की पाण्याचा? १९१२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका प्रयोगशाळेत बेनेडिक्ट यांनी लेव्हान्झिन नावाच्या माल्टाच्या गृहस्थांचा ३१ दिवसांचा उपवास रोज मोजमाप घेत नोंदवला. अन्नाचा कण नाही, पण पाणी रोज. वजन सुमारे १३ किलो उतरले, तरी ते गृहस्थ तगले. मी कॉमर्सची, म्हणून मला हे असे समजले: शरीर अन्नाची शिल्लक चरबीच्या रूपाने ठेवते, पाण्याची तशी शिल्लक ठेवत नाही. पाण्याचा जमाखर्च रोजचा रोज जुळवावा लागतो.

आपल्या शास्त्राने हा फरक आधीच केलेला आहे. खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय या चारही आहारांचा त्याग म्हणजे उपवास. पण खाली एकाशन आहे, फक्त पाण्यावरचा उपवास आहे, एखाद्या रसाचा त्याग आहे. सोळाकारण भावनांत तप येते तेही 'शक्तितस्तप' म्हणून, म्हणजे आपली शक्ती पाहून.

तरीही माझे मन खात होते. इतकी वर्षे झेपले, आता डोळ्याचे निमित्त सांगते की काय, असे वाटायचे. मग आचार्य शांतिसागर महाराज आठवले. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली, तेव्हा त्यांची दृष्टी फार मंदावली होती. चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे ही ईर्यासमिती, आणि डोळ्यांवाचून जीवदया कशी पाळणार? १४ ऑगस्टला सुरू झालेली ती साधना ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला पूर्ण झाली. इतक्या मोठ्या तपस्व्यानेही डोळा हे अहिंसेचे साधन मानले. आपणही धान्य निवडतो, पाणी गाळतो, ते डोळ्यांच्याच भरवशावर ना? मग डोळा जपणे म्हणजे पळवाट कशी?

गेल्या वर्षी मंदिरात आलेल्या माताजींना सगळे सांगितले. त्यांनी आधी डॉक्टर काय म्हणाले ते विचारले, मग एकाशनाचा नियम दिला, दिवसा प्रासुक पाण्याची मोकळीक ठेवून. यंदाही माझे उत्तर तेच आहे.

तुम्हाला बीपी, शुगर किंवा काचबिंदू असेल, तर नियम घेण्याआधी डॉक्टरांना भेटा. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर ती दाखवाच. आपल्या मनाने गोळी सोडू नका. काचबिंदू असेल तर पारण्याला तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका, त्याने डोळ्यातला दाब काही वेळ वाढतो. घोट घोट घ्या. आणि एका डोळ्याला अचानक अंधुक दिसू लागले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. मी तीन दिवस थांबले होते.

जय जिनेंद्र.