जॉन कीगन

सर जॉन डेस्मंड पॅट्रिक कीगन (१५ मे १९३४ - २ ऑगस्ट २०१२) हे ब्रिटिश लष्करी इतिहासकार, अध्यापक व पत्रकार होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीतून युद्धविषयक लेखन करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. आयुष्यभर सैन्य आणि सैनिक यांचाच अभ्यास केलेल्या कीगन यांनी स्वतः कधीही गणवेश धारण केला नाही. शारीरिक अपात्रतेमुळे सैन्याचे दार त्यांच्यासाठी बंद झाले होते. सेनाधिकाऱ्यांना शिकवणारा नागरी प्राध्यापक, ग्रंथकार आणि वृत्तपत्राचा संरक्षणविषयक संपादक अशा तीन वाटांनी ते आपल्या आवडीच्या विषयापाशी राहिले. 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ होय.

बालपण आणि आजार

कीगन यांचा जन्म लंडनमधील क्लॅपम येथे आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे वडील शाळा तपासनीस होते आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यात सेवा केली होती. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील शाळकरी मुलांना बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ग्रामीण भागात हलवण्यात आले. या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी वडिलांकडे आल्याने कीगन कुटुंब इंग्लंडच्या पश्चिम भागात राहावयास गेले. नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी तेथे अमेरिकन सैन्याच्या मोठ्या छावण्या पडल्या होत्या. मुलांना खाऊ वाटणारे ते उमदे सैनिक, त्यांच्या जीपगाड्या, आणि जून १९४४ मधील एका रात्री विमानांच्या घरघरीने भरून गेलेले आकाश यांचे वर्णन कीगन यांनी पुढे 'सिक्स आर्मीज इन नॉर्मंडी' (१९८२) या ग्रंथाच्या आरंभी केले आहे. दहा वर्षांच्या मुलाला युद्ध हे एक रोमहर्षक पर्व वाटले होते, याची कबुलीही त्यांनी तेथेच दिली आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांना हाडांचा क्षयरोग जडला. पुढची काही वर्षे रुग्णालयात गेली आणि एक पाय कायमचा अधू झाला. १९५२ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी वैद्यकीय तपासणीस ते हजर झाले. पायांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची पाळी त्या दिवशी सर्वांत शेवटी होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली, कागदावर काही लिहिले आणि जाण्यास सांगितले. काही आठवड्यांनी, कोणत्याही सेनादलात सेवा करण्यास कायमचे अपात्र ठरवल्याचे सरकारी पत्र आले. हा प्रसंग त्यांनी 'अ हिस्टरी ऑफ वॉरफेअर'च्या प्रस्तावनेत कसलाही आक्रोश न करता सांगितला आहे.

ऑक्सफर्ड व सँडहर्स्ट

१९५३ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात इतिहासाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. बरोबरीचे बहुतेक विद्यार्थी सक्तीची सेवा संपवून आलेले होते. त्यांच्या गप्पांत छावणी आणि कवायत यांचे संदर्भ सतत येत. कीगन यांनी विशेष अभ्यासासाठी लष्करी इतिहास हाच विषय निवडला. पदवीनंतर त्यांनी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या रणक्षेत्रांचा प्रवास केला आणि परतल्यावर काही काळ लंडनमधील अमेरिकन दूतावासात नोकरी केली.

१९६० मध्ये सँडहर्स्ट येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत लष्करी इतिहासाचे अधिव्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. ब्रिटिश भूदलाचे भावी अधिकारी घडवणाऱ्या या संस्थेत इतिहासासारखे विषय शिकवण्यासाठी नागरी अध्यापक असत. नेपोलियनच्या मोहिमांचे अभ्यासक डेव्हिड चँडलर, तसेच पुढे प्रसिद्धीस आलेले रिचर्ड होम्स हे कीगन यांचे तेथील सहकारी होत. इतिहासकार अँटनी बीव्हर हे त्यांचे विद्यार्थी. २६ वर्षे कीगन सँडहर्स्ट येथे होते. या काळात, १९७० नंतर, त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी जर्मन सेनानी गुडेरियन, बार्बारोसा मोहीम, ऑगस्ट १९१४ मधील हालचाली अशा विषयांवर सचित्र छोटी पुस्तके लिहिली. ही पुस्तके आज फारशी वाचली जात नाहीत, पण कीगन यांची सुबोध शैली त्यांतच घडली असे म्हणता येईल.

द फेस ऑफ बॅटल

सँडहर्स्टच्या वर्गात एक अडचण होती. समोर बसलेल्या विशीतील तरुणांपैकी काहींना पुढे प्रत्यक्ष लढावे लागणार होते. शिकवणाऱ्याने मात्र लढाई पाहिलेली नव्हती. हा ग्रंथ याच अडचणीतून निर्माण झाला. आपण लढाईत कधी नव्हतो, तिच्या जवळपासही नव्हतो, दुरून तिचा आवाज ऐकलेला नाही आणि ती संपल्यानंतरचे रणांगणही पाहिलेले नाही, असे कीगन पहिल्याच पानावर सांगून टाकतात.

ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांनी लढाईच्या पारंपरिक वर्णनपद्धतीची चिकित्सा केली आहे. सीझरपासून विल्यम नेपियरपर्यंतच्या लेखकांच्या वर्णनांत सैन्य एखाद्या एकजिनसी वस्तूसारखे पुढे सरकते, मागे हटते वा कोसळते. त्यातील माणसे दिसत नाहीत. 'रक्ताचे पाट वाहिले', 'प्रेतांचा खच पडला' यांसारखे ठोकळेबाज शब्दप्रयोग मराठी वाचकालाही अपरिचित नाहीत. अशा वर्णनांऐवजी कीगन अगदी साधे प्रश्न विचारतात. सैनिक आदल्या रात्री झोपला होता काय? त्याने काय खाल्ले होते? त्याला किती अंतरापर्यंत दिसत होते? जखमी झाल्यावर त्याचे काय होई? आणि मुख्य म्हणजे, तो पळून का गेला नाही?

हे प्रश्न त्यांनी उत्तर फ्रान्स व बेल्जियम या एकाच प्रदेशातील तीन लढायांना लावले: अ‍ॅझिंकोर (१४१५), वॉटर्लू (१८१५) आणि सोम (१९१६). अ‍ॅझिंकोरच्या प्रकरणात ते रात्रभरच्या पावसाने चिखल झालेले नांगरलेले शेत, दोन्ही बाजूंच्या रानांमुळे अरुंद झालेली आघाडी आणि मागून रेटणारी गर्दी यांचा हिशेब मांडतात. चिलखतधारी फ्रेंच योद्ध्यांना शस्त्र उगारण्यापुरतीही जागा उरली नाही. पडलेला माणूस पुन्हा उठू शकला नाही. इंग्रज धनुर्धारींचे बाण निर्णायक ठरले ही रूढ समजूत त्यामुळे बरीच सौम्य होते.

वॉटर्लूसाठी लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांची पत्रे उपलब्ध होती. विल्यम सिबोर्न यांनी ती लढाईनंतर काही वर्षांनी मिळवली होती. त्यांच्या आधारे कीगन घोडदळ विरुद्ध पायदळ, तोफखाना विरुद्ध पायदळ अशा प्रत्येक प्रकारच्या गाठीचा वेगळा विचार करतात. फ्रेंच घोडदळ इंग्रजांच्या चौकोनी व्यूहांवर आदळले असे चित्र अनेक चित्रकारांनी रंगवले आहे. प्रत्यक्षात घोडा माणसांच्या घट्ट भिंतीवर स्वतःला झोकून देत नाही. तो थांबतो किंवा बाजूला वळतो. व्यूह टिकला याचे कारण बरेचसे येथे आहे.

सोमच्या लढाईत सात दिवस तोफा डागूनही जर्मनांची खोल भुयारी आश्रयस्थाने शाबूत राहिली आणि काटेरी तारा अनेक ठिकाणी तुटल्या नाहीत. तोफांचा मारा पुढे सरकल्यावर जर्मन सैनिकांना भुयारांतून वर येऊन यंत्रबंदुका लावण्यास लागणारा वेळ, आणि ब्रिटिश सैनिकांना मधली मोकळी जमीन ओलांडण्यास लागणारा वेळ, या दोहोंच्या शर्यतीवर १ जुलै १९१६ चा निकाल ठरला. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे सुमारे ५७ हजार सैनिक हताहत झाले. त्यांपैकी १९ हजारांहून अधिक मरण पावले. जखमींची वर्गवारी करून कोणावर आधी उपचार करायचे व कोणाला तसेच ठेवायचे हे कसे ठरवले जाई, यावरील पाने या ग्रंथातील सर्वांत अस्वस्थ करणारी आहेत.

या ग्रंथाने कीगन एकदम प्रसिद्धीस आले. सेनापतींच्या डावपेचांवरून सामान्य सैनिकाच्या अनुभवाकडे लष्करी इतिहासाचे लक्ष वळवण्याचे श्रेय बव्हंशी त्यांना दिले जाते.

नंतरचे लेखन व पत्रकारिता

१९८६ मध्ये सँडहर्स्ट सोडून ते 'द डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राचे संरक्षणविषयक प्रतिनिधी झाले व पुढे संरक्षण संपादक झाले. पन्नाशी उलटल्यावर केलेला हा बदल त्यांना मानवला, कारण ग्रंथलेखन त्यानंतर अधिकच वाढले. 'द मास्क ऑफ कमांड' (१९८७) मध्ये अलेक्झांडर, वेलिंग्टन, ग्रँट व हिटलर यांच्या नेतृत्वाची तुलना आहे. सेनापतीने आघाडीवर नेहमी असावे, कधीकधी असावे की कधीच नसावे, हा तिचा धागा होय. 'द प्राइस ऑफ अ‍ॅडमिरल्टी' (१९८८) सागरी युद्धांवर आहे. दोन्ही महायुद्धांचे त्यांचे एकखंडी इतिहास (१९८९ व १९९८) आजही अनेकांचे पहिले वाचन ठरतात. १९९८ ची बीबीसीची रीथ व्याख्याने त्यांनी युद्ध याच विषयावर दिली.

टीका

'अ हिस्टरी ऑफ वॉरफेअर' (१९९३) या ग्रंथाला डफ कूपर पुरस्कार मिळाला, तथापि वादही त्यावरच सर्वाधिक झाला. युद्ध हे राजकारणाचेच पुढचे पाऊल होय, हा क्लाउझेविट्झचा विचार नाकारून युद्ध हा मुळात संस्कृतीचा आविष्कार आहे, असे कीगन यांनी प्रतिपादन केले. कीगन यांनी क्लाउझेविट्झ नीट समजून घेतलेला नाही, असा आक्षेप मायकेल हॉवर्ड व ख्रिस्तोफर बॅसफर्ड यांनी घेतला. हॉवर्ड हे क्लाउझेविट्झच्या ग्रंथाचे सहअनुवादक, शिवाय दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेले, त्यामुळे या आक्षेपाला वजन आले. तो बऱ्याच अंशी योग्यही वाटतो. माणसाला समजून घेण्यात कीगन यांचा जो हातखंडा होता, तो सिद्धान्त मांडताना दिसत नाही.

२००३ च्या इराक युद्धाला त्यांनी दिलेला पाठिंबाही टीकेचा विषय झाला. 'द अमेरिकन सिव्हिल वॉर' (२००९) या उतारवयातील ग्रंथात तपशिलाच्या अनेक चुका असल्याचे अमेरिकन इतिहासकार जेम्स मॅकफर्सन यांनी दाखवून दिले.

सन्मान व निधन

कीगन यांना १९९१ मध्ये ओबीई हा किताब मिळाला व २००० मध्ये 'सर' ही पदवी देण्यात आली. विल्टशायर परगण्यातील किल्मिंग्टन या गावी, राहत्या घरी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.