रोमांतील भाडोत्री इमारती व अग्निनिवारणाचे निर्बंध

प्राचीन रोम शहरांतील सामान्य जन ‘इन्सुला’ नांवाच्या बहुमजली इमारतींत भाड्यानें राहत. मुंबईच्या चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हिचें स्वरूप निराळें समजावून द्यावयास नको. वरच्या मजल्यांवर लांकूडकाम व कुडाच्या भिंती, उबेस शेगडी, उजेडास तेलाचा दिवा. असल्या कुडांस वास्तुशास्त्रकार विट्रूव्हियस यानें पेटण्यास सज्ज मशालींची उपमा दिली आहे. ह्या घरांस आगीपासून राखण्याचा भार कायद्यानें कोणावर टाकला होता, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

ऑगस्टसानें रस्त्यालगतच्या इमारतींची उंची ७० फुटांवर मर्यादित केली. ट्राजननें ती ६० वर आणली. इ. स. ६४ च्या महाअग्नीनंतर नीरोनें घातलेले निर्बंध टॅसिटसानें नमूद केले आहेत. घराघरांत सामाईक भिंत नसावी, इमारतीचा ठराविक भाग तुळयांवांचून गाबी वा आल्बा येथील अग्निसह दगडानें बांधावा, विझविण्याचें साहित्य प्रत्येकानें उघड्यावर ठेवावें. हे निर्बंध मुख्यत्वें बांधणारावर आहेत.

पुढें ओझें खालीं सरकलेलें दिसतें. इ. स. ५३३ च्या ‘डायजेस्ट’ ग्रंथांत (त्याची सहाव्या शतकांतील पोथी इ. स. १४०६ पर्यंत पिसा येथें होती, नंतर फ्लॉरेन्सास गेली) पॉलस ह्या कायदेपंडिताचें वचन आढळतें. आगी बहुधा राहणारांच्या दोषानें लागतात. सबब पाहाऱ्याच्या मुख्यानें रात्रभर जागावें, जोडे घालून आंकडे व कुऱ्हाडींसह फिरावें, आणि प्रत्येक भाडेकऱ्यानें आपल्या माडीवर पाणी ठेवावें अशी ताकीद द्यावी. हयगय करणारास छड्या, किंवा त्या माफ करून सक्त समज. पाणी ठेवा म्हणणें सोपें. वरच्या मजल्यांवर तें हातींच चढवावें लागे!

सम्राट सेव्हेरस व त्याचा पुत्र यांच्या आज्ञापत्रांत निष्काळजी लोकांसमवेत ‘इन्सुलारियस’ यासहि छड्या वा चाबूक सांगितले आहेत. ह्या शब्दाचा अर्थ कित्येक ‘भाडेकरी’ असा करतात. परंतु निष्काळजी राहणारांहून तो पृथक् उल्लेखिला आहे. तेव्हां मालकाच्या वतीनें इमारत सांभाळणारा कारभारी, हाच अर्थ आम्हांस ग्राह्य वाटतो. आगीच्या संबंधांत खुद्द मालकाचें नांव ह्या दोन्हीं उताऱ्यांत कोठेंच नाहीं. बुद्ध्या आग लावणारास मात्र नगरप्रमुख फाबियस सिलो याजकडे पाठवावें, असें त्याच आज्ञापत्रांत आहे.