कंट्रोलचा निरोप: २६/११, रात्री साडेनऊ ते साडेबारा

रात्री ९.३० नंतर. २६ नोव्हेंबर २००८. कुलाब्यात लिओपोल्ड कॅफेवर गोळीबार, पाठोपाठ सीएसटीवर दहशतवादी अजमल कसाब आणि अबू इस्माईल यांच्या एके-४७. पोलिसांच्या वायरलेसवर एकच गर्दी उसळली. वॉकीटॉकीवर एकाने बटण दाबून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं; दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द वाया. सगळे एकाच वेळी ऐकतात, म्हणून वेग मिळतो. नको त्याच्या कानी पडण्याचा धोकाही त्यातूनच येतो.

१०.३० नंतर. कसाब आणि इस्माईल कामा रुग्णालयात शिरले. अतिरिक्त पोलीस आयुक्त सदानंद दाते हातबॉम्बने जखमी झाले, तरी वायरलेसवरून परिस्थिती कळवत आणि कुमक मागत राहिले. त्याच रात्री हल्लेखोरांचे पाकिस्तानातले सूत्रधार टीव्हीवर दिसेल ते इंटरनेट फोनवरून ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउसमधल्या आपल्या माणसांना सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. माहिती उघडी पडली की शत्रूलाही डोळे मिळतात, हे मुंबईने असं सोसलं.

११.२४. कामा रुग्णालयाच्या मागच्या बाजूने पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांनी पोलीस नियंत्रण कक्षाला, म्हणजे कंट्रोलला, सांगितलं, रुग्णालयाला समोरूनही वेढा घाला. पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता यांनी माहितीच्या अधिकारात वायरलेसच्या नोंदी मिळवल्या आणि ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात हा निरोप लोकांसमोर आणला. वेढा वेळेत का पडला नाही, हा त्यांचा सवाल होता. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात जड प्रश्न तोच. निरोप हवेत गेला म्हणजे पोचला असं होत नाही. ‘मिळाला, निघालो’ असं उलट उत्तर यावं लागतं. पोच घ्यायला काही सेकंद जातात, पण ते वाचवण्यात शहाणपण नाही.

मध्यरात्री. रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांच्या क्वालिस गाडीवर गोळ्या बरसल्या. तिघेही गेले. कसाब आणि इस्माईल यांनी तीच गाडी पळवली. मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली जखमी कॉन्स्टेबल अरुण जाधव निपचित पडून होते. टायर फुटल्यावर दोघे गाडी सोडून गेले, तेव्हा जाधवांनी गाडीतल्याच वायरलेसवरून कंट्रोलला खबर दिली. पुढे त्यांनी चंदेरी स्कोडा गाडी पळवल्याचा निरोप डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाला मिळाला: रंग, नंबर, आत दोघे. एवढंच. बोलतोय तो कंट्रोलच, ही खात्री असेल तरच ऐकणारे असा निरोप शंका न काढता मानतात.

१२.३०च्या सुमारास, गिरगाव चौपाटी. नाकाबंदीत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे होते. राहायला वरळी पोलीस कॅम्पात, मूळचे साताऱ्याच्या केडंब्याचे. १९९१मध्ये पोलिसात येण्याआधी ते सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये होते. बिनतारी निरोपाची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती. स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडे थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. इस्माईल गोळीबारात पडला. लाठीवाल्या ओंबळ्यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात गेल्या तरी पकड सुटली नाही, आणि कसाब जिवंत हाती लागला. ओंबळे वाचले नाहीत. २६ जानेवारी २००९ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

संकटात गुप्तता थोडी सैल सोडता येते. बोलणाऱ्याची ओळख आणि ऐकणाऱ्याची पोच सोडता येत नाही. मोबाइलच्या जाळ्यालाही हेच लागू होतं. ४जीच्या मानकात फोनची ओळख पटण्याआधीही आणीबाणीचा कॉल लावू देण्याची सोय आहे, ते योग्यच. जोडणी सुरक्षित झाली की नियंत्रण-संदेशांना ३२ बिटांची, म्हणजे अवघ्या चार बाइटची, मोहोर लागते: संदेश खरा आहे याची खूण. पण एकाच वेळी साऱ्या फोनवर झळकणाऱ्या आपत्तीच्या इशाऱ्यावर ४जीमध्ये अशी मोहोर नसते, आणि खोट्या टॉवरवरून तसाच इशारा पाठवता येतो. इशारा क्षणभर उशिरा आला तरी चालेल. तो सहीनिशी यायला हवा.